द रेकॉर्ड न्यूज (नियतकालिक)

'द रेकॉर्ड न्यूज' हे 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' (संक्षेप: एस.आय.आर.सी.) या मुंबईतील ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेचे नियतकालिक आहे. भारतीय उपखंडातील ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास हा त्याचा मुख्य विषय आहे. यातील लेखनात ७८ फेऱ्यांच्या (७८ आर.पी.एम.) ग्रामोफोन तबकड्यांवर विशेष भर आढळतो. १९९१ पासून त्रैमासिक स्वरूपात निघालेले हे नियतकालिक पुढे वार्षिक झाले. त्याचा आय.एस.एस.एन. क्रमांक ०९७१-७९४२ असा आहे. बहुतेक मजकूर इंग्रजीत असला तरी मराठी नाट्यसंगीत, भावगीत, ख्यालगायन आणि चित्रपटसंगीत यांच्या अभ्यासकांना उपयुक्त अशी बरीच माहिती त्यात आहे. अंकांच्या पीडीएफ प्रती इंटरनेटवर वाचता येत असल्याने तबकड्यांचा स्वतःचा संग्रह नसलेल्या वाचकालाही या साधनाचा वापर करता येतो.

## इतिहास

एस.आय.आर.सी. या संस्थेची स्थापना १९९० मध्ये मुंबईत झाली. ऑस्ट्रेलियातील ध्वनिमुद्रिका-अभ्यासक मायकेल किनिअर यांचा या स्थापनेत पुढाकार होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी संस्थेचे मानद सचिव म्हणून दीर्घकाळ काम केले. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. भारतासह अफगाणिस्तान, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, ब्रह्मदेश आणि श्रीलंका या देशांतील ध्वनिमुद्रित कलांचे जतन, नोंदणी आणि त्यांविषयीच्या संशोधनाचे प्रकाशन ही तिची उद्दिष्टे आहेत.

संस्थेच्या स्थापनेपर्यंत भारतातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन थांबून सुमारे दोन दशके झाली होती. लाखेपासून बनवलेल्या या तबकड्या ठिसूळ असतात. हातातून निसटल्या की त्या फुटतात आणि बोथट सुईने त्यांच्या खाचा झिजतात. कंपन्यांच्या छापील सूचीपत्रांना रद्दीपलीकडे किंमत उरली नव्हती. त्यामुळे कोणत्या कलावंताने काय, कधी व कोणत्या कंपनीसाठी गायले याची माहिती प्रामुख्याने खाजगी संग्राहकांची कपाटे, त्यांच्या वह्या आणि त्यांची स्मरणशक्ती यांतच राहिली होती. संग्राहकाच्या मृत्यूनंतर संग्रह विखुरला गेला, तर ही माहितीही त्याबरोबर नष्ट होण्याचा धोका होता. ती छापील स्वरूपात आणणे, तिला अंक आणि पृष्ठक्रमांक मिळवून देणे व इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडणे, हे या नियतकालिकाचे मुख्य कार्य ठरले.

## शाखा आणि उपलब्धता

संस्थेच्या शाखांमध्ये मुंबई, पुणे, सोलापूर, नांदेड आणि अमरावती यांचा समावेश होतो. जुन्या तबकड्या एकत्र बसून ऐकण्याची श्रवणसत्रे हा संस्थेच्या कार्याचा एक भाग आहे. अशा सत्रांत तबकडीबरोबर तिच्याविषयीची माहितीही सांगितली जाते. त्यामुळे एका संग्राहकाकडील नोंद दुसऱ्याकडील तबकडीशी पडताळून पाहता येते.

छापील अंक प्रामुख्याने सभासदांना पाठवले जात. सर्वसाधारण सार्वजनिक वाचनालयांत असे अंक सहसा आढळत नाहीत. वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या तालुक्याच्या गावात संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते पाहायचे असल्यास अमरावती किंवा मुंबईतील एखाद्या सभासदाचा परिचय असणे आवश्यक होते. डिजिटल प्रतींमुळे ही अट उरली नाही. संगणक किंवा मोबाइल आणि इंटरनेट जोडणी असल्यास तोच अंक देवळीतही वाचता येतो.

## मजकुराचे स्वरूप

अंकांतील लेखन साधारणपणे पुढील प्रकारांत मोडते :

* ध्वनिमुद्रिका-सूची – एखाद्या कलावंताच्या, कंपनीच्या किंवा विषयाच्या तबकड्यांची क्रमवार यादी. तीत क्रमांक, गीताचे पहिले शब्द, राग, नाटक किंवा चित्रपट आणि शक्य तेथे वर्ष दिलेले असते.
* चरित्रलेख – गायक, वादक, गीतकार आणि ध्वनिमुद्रकांविषयीचे लेख.
* कंपन्यांचा इतिहास – तबकड्यांच्या लेबलांची माहिती, उत्पादन आणि विक्रीव्यवस्था.
* पुनर्मुद्रणे – जुनी सूचीपत्रे, जाहिराती, छायाचित्रे आणि लेबलांच्या प्रतिमा.

एका वार्षिक अंकाच्या मुख्य लेखांत 'मुघल-ए-आझम' या चित्रपटाचे संगीत, तबकड्यांवरील गायिकांच्या नावांपुढे येणारी 'बाई', 'बेगम', 'दासी', 'देवी', 'जान' ही उपपदे, महात्मा गांधींच्या आवाजातील आध्यात्मिक संदेश, श्रीलंकेतील पार्लोफोन तबकड्या आणि मल्याळम चित्रपटांतील पहिले पार्श्वगायन असे विषय आहेत. यावरून नियतकालिकाचा आवाका लक्षात येतो.

## संग्रहाचा अभ्यासासाठी वापर

### शोध घेण्याची पद्धत

अंकांतील मजकूर मुख्यतः इंग्रजी असल्यामुळे शोध रोमन लिपीत घ्यावा लागतो. तबकड्यांवरील रोमन वर्णलेखनात एकवाक्यता नसते. एकाच गायिकेचे नाव वेगवेगळ्या लेबलांवर वेगवेगळ्या रीतीने लिहिलेले आढळते. 'गौहर' आणि 'गोहर', 'जान' आणि 'जाँ', 'खान' आणि 'खाँ' या सर्व रूपांनी स्वतंत्रपणे शोध घेणे आवश्यक असते. गीताच्या शोधासाठी पूर्ण ओळीऐवजी तिच्यातील एखादा ठळक शब्द अधिक उपयोगी पडतो, कारण लेबलावर गीताचे पहिले दोन-तीन शब्दच छापलेले असतात.

स्कॅन केलेल्या पानावरील मजकूर यंत्राने ओळखलेला असल्यास त्यात चुका संभवतात. अंक आणि अक्षरे यांत गल्लत होते, विशेषतः तबकडीच्या क्रमांकांत. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मराठी मजकूर शोधात येत नाही. त्यामुळे शोधात नाव न आढळणे हा ते नाव अंकात नसल्याचा पुरावा मानता येत नाही. अनुक्रमणिका आणि सूचीची पाने डोळ्यांखालून घालणे हाच खात्रीचा मार्ग असतो.

### लेबल आणि क्रमांकांचे वाचन

सूचीतील नोंद समजण्यासाठी तबकडीवरील दोन वेगळे क्रमांक ओळखणे आवश्यक असते. पहिला सूचीपत्र क्रमांक लेबलावर छापलेला असतो आणि तो विक्रीसाठी दिलेला असतो. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या भारतीय तबकड्यांवरील 'पी' आणि 'एन' या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक या प्रकारचे आहेत. दुसरा मातृका क्रमांक लेबलाभोवतीच्या कोऱ्या भागात कोरलेला किंवा उठवलेला असतो. तो त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो.

एकच ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या लेबलावर किंवा नव्या सूचीपत्र क्रमांकाने पुन्हा विकले गेले असल्यास मातृका क्रमांक सहसा तोच राहतो. उलट, तेच गीत गायकाने पुन्हा गायले असल्यास मातृका क्रमांक बदलतो. दोन तबकड्यांवर एकच गायन आहे की दोन वेगळी गायने आहेत, हे ठरवण्यास म्हणूनच मातृका क्रमांक अधिक विश्वसनीय असतो. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या काळातील मातृका क्रमांकांपुढील अक्षरांवरून ध्वनिमुद्रक आणि तबकडीचा आकारही कळतो. लेबलावर ध्वनिमुद्रणाची तारीख नसते. ती कंपनीच्या नोंदी, सूचीपत्रे आणि क्रमांकांचा क्रम यांवरून ठरवावी लागते.

### गती आणि पट्टी

'७८ फेरे' हे माप पुढे प्रमाण ठरले. सुरुवातीच्या तबकड्या मात्र त्याहून कमी-अधिक गतीने मुद्रित झालेल्या आहेत. ७४ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवल्यास स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एक या पट्टीत गाणारा कलावंत काळी एकमध्ये गात असल्यासारखा वाटतो. तीन मिनिटांचे गायन सुमारे ९ सेकंदांनी आखूडही होते आणि लय तितक्याच प्रमाणात वाढते. जुन्या गायकाची पट्टी, लय किंवा तानेचा वेग यांविषयी केवळ संगणकावरील ध्वनिफितीवरून केलेली विधाने म्हणून जपून स्वीकारावी लागतात. ध्वनिमुद्रणाचा काळ, आकार आणि कंपनी यांची माहिती सूचीतून मिळाल्यास अशा विधानांची शहानिशा करणे सोपे जाते.

## निवडक उदाहरणे

### १९०२ मधील ध्वनिमुद्रणे

ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे भारतातील आपली पहिली ध्वनिमुद्रणे केली. प्रसिद्ध गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण याच मोहिमेत झाले. लोकप्रिय लेखनात त्यांच्या ध्वनिमुद्रणाची तारीख २ नोव्हेंबर अशी आढळते. ध्वनिमुद्रणांच्या नोंदींवर आधारलेल्या लेखनात मात्र कोलकात्याच्या रंगभूमीवरील शशिमुखी आणि फणिबाला यांचे गायन ८ नोव्हेंबरला, तर गौहर जान यांचे ११ नोव्हेंबरला मुद्रित झाल्याचे दिले जाते. हा क्रम स्वीकारल्यास गौहर जान या मोहिमेत गाणाऱ्या पहिल्या कलावंत ठरत नाहीत.

'पहिली भारतीय ध्वनिमुद्रिका' हे विधानही मर्यादित अर्थानेच करता येते. त्याआधी १८९९ मध्ये लंडन येथे काही भारतीयांचे आवाज ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले होते. म्हणूनच किनिअर यांच्या १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या सूचीग्रंथाचा कालखंड १८९९ ते १९०८ असा आहे. काटेकोर विधान करायचे असल्यास 'ग्रामोफोन कंपनीने भारताच्या भूमीवर केलेले पहिले तबकडी-मुद्रण' अशी शब्दयोजना करावी लागते.

गौहर जान यांच्या अनेक तबकड्यांच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारतात. ही प्रथा त्या काळच्या इतर कलावंतांच्या तबकड्यांतही आढळते. मूळ मुद्रणे तबकड्या तयार करण्यासाठी जर्मनीतील हॅनोवर येथे पाठवली जात. तेथील कामगारांना भारतीय भाषा येत नसल्यामुळे ओळख पटावी म्हणून नाव उच्चारले जाई, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते.

### गायिकांची नावे

सुरुवातीच्या काळात तबकडीसाठी गाण्यास अनेक प्रतिष्ठित गवई राजी नव्हते. आपली विद्या इतरांच्या हाती जाईल, तबकडी कोठेही वाजवली जाईल, ख्यालाचा विस्तार तीन मिनिटांत मावणार नाही, अशा त्यांच्या शंका होत्या. ही पोकळी प्रामुख्याने पेशाने गाणाऱ्या स्त्रियांनी भरून काढली. पुढे संगीताच्या लिखित इतिहासात मात्र त्यांपैकी अनेकींना स्थान मिळाले नाही. काहींचे नाव केवळ तबकडीच्या लेबलावरच शिल्लक आहे.

लेबलावरील 'बाई', 'जान', 'दासी', 'देवी', 'मिस' ही उपपदे गायिकेचा प्रदेश, परंपरा आणि समाजातील स्थान सूचित करतात, पण त्यांवरून थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. एकाच गायिकेच्या नावापुढील उपपद काळानुसार बदललेले आढळते. शौकिया गायकांच्या लेबलांवर 'अमॅच्युअर' असा शब्द छापला जाई. गायन हा आपला पेशा नाही, हे त्यातून सूचित केले जात असे. या विषयावरील नियतकालिकातील लेखन संगीताइतकेच सामाजिक इतिहासासाठीही उपयुक्त आहे.

### ख्याल आणि नाट्यसंगीत

उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांची ध्वनिमुद्रणे प्रामुख्याने दोन काळांतील आहेत : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आणि १९३० च्या दशकातील. पहिली भोंग्यात गाऊन, तर दुसरी मायक्रोफोनवर मुद्रित झालेली आहेत. त्यांची तुलना करताना गायकीतील बदल कोणता आणि तंत्रातील बदल कोणता, हे वेगळे काढावे लागते. त्यांच्या तबकड्यांची सविस्तर सूची किनिअर यांच्या 'संगीत रत्न' या २००३ मधील ग्रंथात आहे.

तबकड्यांचा अभाव हीसुद्धा महत्त्वाची माहिती असते. भास्करबुवा बखले (मृत्यू १९२२) आणि उस्ताद अल्लादिया खाँ (मृत्यू १९४६) यांच्या गायनाच्या तबकड्या उपलब्ध नाहीत. त्यांची गायकी शिष्यांच्या तबकड्यांतून आणि आठवणींतूनच अभ्यासावी लागते. बखले यांनी चाली दिलेल्या 'स्वयंवर' (१९१६) या नाटकातील बालगंधर्वांची पदे तबकड्यांवर ऐकता येतात, पण ती मंचावरील गायनाची पूर्ण प्रतिकृती नव्हेत. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत खुलणारे पद तबकडीच्या एका बाजूच्या सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागे.

### महात्मा गांधींची ध्वनिमुद्रिका

गांधीजींच्या आवाजातील ईश्वरविषयक संदेशाची तबकडी कोलंबिया कंपनीने ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडन येथे मुद्रित केली. गांधीजी तेव्हा गोलमेज परिषदेसाठी तेथे गेले होते. संदेशाचा मजकूर त्यांनी १९२८ मध्ये 'यंग इंडिया' साप्ताहिकात लिहिलेल्या लेखावर आधारलेला आहे. गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले ते १९३६ मध्ये. त्यामुळे वर्धा जिल्ह्याशी त्यांचे नाव निगडित असले तरी ही तबकडी त्यांच्या सेवाग्राम-पर्वापूर्वीची आहे.

## 'यंग इंडिया' तबकड्या

नियतकालिकाचा शोध घेताना 'यंग इंडिया' या शब्दांखाली दोन वेगळ्या गोष्टी समोर येतात. एक म्हणजे गांधीजींचे वर उल्लेखलेले साप्ताहिक आणि दुसरी म्हणजे मुंबईच्या 'नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी'चे त्याच नावाचे तबकड्यांचे लेबल. ही कंपनी १९३५ ते १९५५ या काळात कार्यरत होती. परदेशी भांडवलाच्या मोठ्या कंपन्यांच्या बाजारपेठेत तिने चित्रपटगीते, शास्त्रीय संगीत, लोकसंगीत आणि शैक्षणिक स्वरूपाच्या तबकड्या काढल्या. एस.आय.आर.सी.ने चांदवणकर यांच्या पुढाकाराने ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ज प्रोग्रॅम' या योजनेखाली या लेबलाच्या तबकड्या आणि संबंधित सामग्रीचे अंकीकरण केले. नियतकालिकातील सूची आणि प्रत्यक्ष ध्वनी एकमेकांशी ताडून पाहण्याची सोय अशा प्रकल्पांमुळे झाली आहे.

## मर्यादा

* नियतकालिक संग्राहकांनी चालवलेले आहे. संग्राहकांच्या हाती लागलेल्या तबकड्यांची माहिती विपुल आहे, तर दुर्मीळ, प्रादेशिक आणि कमी खपलेल्या तबकड्यांची माहिती त्रुटित असू शकते.
* सूची म्हणजे अंतिम यादी नव्हे. नवी तबकडी सापडली की पूर्वीची नोंद बदलावी लागते. म्हणून एखाद्या विषयावरील पहिलाच लेख प्रमाण न मानता पुढील अंकांतील लेखनही पाहणे आवश्यक ठरते.
* चरित्रलेखांत ऐकीव आठवणी आणि लेखी पुरावा एकत्र येतात. तबकडीवरून सिद्ध होणारी गोष्ट आणि कोणीतरी सांगितलेली गोष्ट यांत फरक करणे वाचकावर राहते.
* काही अंक जोडअंक आहेत. उदाहरणार्थ, अंक २५ व २६ हे १९९७ मध्ये एकत्र निघाले. त्रैमासिक अंकांना अनुक्रमांक, तर वार्षिक अंकांना वर्षाची ओळख आहे. संदर्भ देताना अनुक्रमांक, वर्ष आणि पृष्ठ तिन्ही नोंदवल्यास गोंधळ टळतो. पीडीएफमधील पानाचा क्रम आणि छापील पृष्ठक्रमांक वेगळे असू शकतात.

## स्वामित्वहक्क

एखादा अंक इंटरनेटवर वाचता येतो, याचा अर्थ त्यातील मजकूर मुक्त आहे असा होत नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९०२ मधील तबकडीचे ध्वनिमुद्रण या हक्कातून मुक्त असते, पण तिच्याविषयी १९९४ मध्ये लिहिलेला लेख मुक्त असतोच असे नाही. गीताचे शब्द आणि संगीतरचना यांवरील हक्क ध्वनिमुद्रणाहून स्वतंत्र असतात. खाजगी अभ्यास, संशोधन, टीका किंवा परीक्षण यांसाठी मर्यादित वापरास कायद्यात मुभा आहे.

## इतर संगीत नियतकालिके

मराठी वाचकांच्या परिचयाचे 'संगीत कला विहार' हे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मासिक १९४७ मध्ये सुरू झाले. प्रा. बा. र. देवधर हे त्याचे संपादक होते. गवयांच्या भेटी आणि आठवणींवर आधारलेले त्यांचे लेखन त्यातून प्रसिद्ध झाले. हाथरस येथील 'संगीत' हे हिंदी मासिक १९३५ पासून, तर मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमीचे जर्नल १९३० पासून प्रसिद्ध होत आले.

ही नियतकालिके प्रामुख्याने शास्त्र, शिक्षण आणि कलावंतांच्या आठवणी यांवर भर देतात, तर 'द रेकॉर्ड न्यूज' तबकडी हा मूळ पुरावा मानते. दोन्ही प्रकारचे लेखन परस्परपूरक आहे. गवयाच्या आठवणीत आलेली बंदिश त्याने खरोखर कोणत्या स्वरूपात गायली, हे तबकडीवरून कळते, तर ती कोणाकडून शिकली आणि मैफलीत कशी मांडली जाई, हे आठवणींतून कळते.

## हे सुद्धा पहा

* ग्रामोफोन
* गौहर जान
* अब्दुल करीम खाँ
* बालगंधर्व
* संगीत नाटक
* संगीत कला विहार
* अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ